पाच ओळींची सायकल

माझी सायकल भाऊजींनी नेली ती अधिक महिन्यात. हे मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्या कुठल्याही महिन्यात मी ती परत मागितली असती. अधिकात जावई हा देव असतो. त्याचे पाय धुवायचे, त्याला अनारसे द्यायचे, आणि तो जे उचलेल ते त्याचं. त्या दिवशी जेवणं लांबली, कामठीची बस गेली, तेव्हा भाऊजी माझ्या सायकलवर हात ठेवून म्हणाले, "नेतो दोन दिवसांसाठी." मीच शहाण्याने ती पुसली, तेल घातलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवली. ताई मागे कॅरिअरवर बसून गेली.

वर्ष उलटलं. मी इतवारीतून सीताबर्डीच्या ऑफिसात पायी जाऊ लागलो. मे महिन्यातही. विषय काढला की आई म्हणे, "जावयाले मागतेत का गा? पोरगी आहे आपली तिथं." पोरगीही त्यानंतर आली नव्हती. दिवाळीला सासूची तब्येत, संक्रांतीला पाहुणे, असे निरोप येत. संध्याकाळी आई दारात उभी राही, मीही राही. दोघं एकाच रस्त्याकडे बघत असू.

मग कामठीहून आलेल्या एका ओळखीच्याने सांगितलं, "तुझी सायकल दिसली गा. घंटी मोडली तिची." त्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं.

हत्यार माझ्याकडे एकच होतं. इथल्या एका पेपरच्या रविवारच्या पानावर मूळव्याधीच्या जाहिरातीशेजारी एक चौकोन असे, त्यात माझ्या चिमुकल्या गोष्टी येत. भाऊजींना त्यांचं भारी हसू. "साळेबुवा, बस यायच्या आत वाचून होते तुमची गोष्ट. मंग पुढं काय करा माणसानं?" आता दाखवतो म्हटलं, पुढं काय ते. गोष्ट अशी होती:

"घरात एक सायकल होती. पाहुणा म्हणाला, दोन दिवसांसाठी नेतो. घरच्यांनी ती पुसून, तेल लावून दिली. आता रोज संध्याकाळी कोणीतरी दारात येऊन रस्त्याकडे बघतं. पाहुण्याकडे तिची घंटी वाजत नाही, असं ऐकलं."

भाऊजी छावणीत कारकून होते. तिथे कोणीतरी हे मोठ्याने वाचणार, सगळे खिडकीतून बाहेर लावलेल्या सायकलकडे बघणार, भाऊजींच्या हातातला चहा हिंदकळणार. हे चित्र मी रोज आंघोळ करताना बघत होतो. पाणी संपलं तरी बघत होतो.

रविवारी गोष्ट छापून आली. सोमवारी ऑफिसात हेडक्लार्कनी मला बाजूला घेतलं. "निवडणुकीवर लिहिलं ना? पुढारी मत नेतेत, मंग तोंड नाही दाखवत. चांगलं आहे. पण सांभाळून राहा, नोकरी आहे." शेजारच्या रिटायर गुरुजींनी तर मला बसवूनच घेतलं. सायकल म्हणजे देह, पाहुणा म्हणजे काळ, घंटी म्हणजे श्वास.

"गुरुजी, सायकल म्हणजे सायकल आहे," मी म्हटलं.

ते हसले. "लिहिणाऱ्याले नाही समजत ते."

आईला मी स्वतः वाचून दाखवली. ती हसेल असं वाटलं होतं. घंटीपाशी आलो तर तिचा पदर डोळ्यांना.

"माह्या लेकीचा आवाज बंद केला त्यायनं," ती म्हणाली. "तेल लावून, न्हाऊ घालून पाठवली होती मी."

"माय, सायकल आहे ती."

"हो, तसंच लिहा लागते. नाव घेऊन थोडीच लिहितेत."

लहान गोष्टीचं हेच वाईट. कादंबरीत लेखक स्वतःच सगळी जागा अडवून बसतो. इथे एक पाट मांडून ठेवायचा, आणि येईल तो बसतो. मी खास भाऊजींसाठी मांडलेल्या पाटावर हेडक्लार्क बसले, गुरुजी बसले, आई बसली. भाऊजींचाच पत्ता नव्हता.

ते आले त्यापुढच्या की त्याच्यापुढच्या रविवारी, भर दुपारी. आधी गल्लीत घंटी ऐकू आली. चकचकीत, नवी कोरी घंटी. मी उठून बसलो. म्हटलं, लागला बाण. भाऊजी उतरले, मागे कॅरिअरवर ताई होती.

"आणून दिली तुमची पोरगी," भाऊजी आईला म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता लिहा म्हणा. आम्ही काय कोंडून ठेवतो काय कोणाले? राहू द्या महिनाभर."

आई ताईला कुशीत घेऊन आत गेली. भाऊजींनी सायकल अंगणात लावली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. माझ्या सायकलला, माझ्या अंगणात.

जेवून ते आडवे झाले. घोरणं ऐकून मी अंगणात आलो आणि मागच्या चाकाची हवा सोडली. मग पुढच्याची. जातील भर उन्हात ढकलत, बसेल थोडी धग.

"काय करून राहिला रे?" ताई दारात उभी होती.

ती जवळ येऊन बसली.

"त्यायले बरोबर समजलं होतं," ती हळूच म्हणाली. "वाचल्याबरोबर उठले, दुसऱ्याच दिवशी घंटी आणली, सायकल धुतली. परत द्यायले निघालेच होते."

"मग?"

"मंग मीच म्हटलं, काहून सायकल नेता? गोष्ट सायकलवर नाही, माह्यावर आहे. अख्खं नागपूर म्हणून राहिलं, बायकोले माहेरी पाठवत नाही म्हणून. दोन दिवस बोलले नाही माह्याशी. मंग म्हणाले, चाल."

"ताई, ती सायकलवरच होती."

"मले माहीत नाही का?" ती म्हणाली. "पण सायकल आली असती तर मी आली नसती ना गा."

आतून आई तिला हाक मारत होती. ती गेली. मी शेजारच्या गुरुजींकडून पंप मागून आणला आणि दोन्ही चाकांत हवा भरली. प्रत्येक दाबासरशी भाऊजींना मनात जे म्हणालो ते छापण्याजोगं नाही. पाच ओळींत मावणारंही नाही.

चार वाजता भाऊजी उठले. त्यांनी टायर दाबून पाहिलं. "वा, साळेबुवा. हवा टाईट," ते म्हणाले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत घंटी वाजवत गेले.