पाण्याआधी वाजलेला भोंगा

आमच्या मावशीला घरात सगळे ‘पुन्हा करून बघू’ म्हणतात. अर्थात तिच्या पाठीमागे. कुकरच्या शिट्ट्यांपासून डॉक्टरांच्या निदानापर्यंत कशावरही तिचा पहिल्या फटक्यात विश्वास बसत नाही. लग्नाआधी काका तिला फार आवडले होते, तरी तिने त्यांना पुन्हा भेटायला बोलावलं. का, तर पहिल्या भेटीत माणूस योगायोगानेही चांगला निघू शकतो! काका बिचारे अजून निकालाची वाट बघताहेत.

अशी ही बाई सरकारी प्रयोगशाळेत पाण्याची पातळी मोजायला लागली, आणि काम इतकं चोख केलं की सरकारने तिला त्या कामावरून उचलून खुर्चीत बसवलं. मग त्याहून मोठ्या खुर्चीत. होता होता ती तंत्रज्ञान खात्याची उपप्रमुख झाली आणि हाताला यंत्र लागेनासं झालं. उरल्या त्या सह्या आणि बैठकांमधली मऊ पडलेली बिस्किटं. “शास्त्रज्ञ होते गं मी,” ती आईला म्हणायची. आई म्हणायची, “असू दे, गाडी तर मिळाली ना!”

तरी एक काम तिने कुणाच्या हाती दिलं नाही. नदी चढू लागली की काठच्या वस्तीत आपोआप वाजणारा भोंगा. त्याच्यामागे ती वर्षानुवर्षं हात धुऊन लागली होती. अखेर मंत्र्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. ते पार पडलं की यंत्र नदीवर बसणार आणि मावशी खातेप्रमुख होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही नटूनथटून पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

आता साहेब येणार म्हटलं की सरकारी कचेरीत दिसेल त्याला रंग फासतात. त्या उत्साहात पातळी मोजणाऱ्या नळीलाही निळा रंग लागला, अगदी तोंडासकट. पाणी आत शिरायची वाटच बंद, मग भोंगा वाजणार कसा? हे सकाळी लक्षात आलं तेव्हा मावशीच्या सहायकाची पाचावर धारण बसली. तिला सांगायची छाती होईना, म्हणून त्याने पडद्याआड एक माणूस बसवला, हाताने भोंगा वाजवायला.

मंत्र्यांनी बटण दाबलं. काचेच्या टाकीत पाणी चढू लागलं. पडद्याआडच्या माणसाने घाई केली, आणि पाणी धोक्याच्या लाल रेघेच्या चांगलं वीतभर खाली असतानाच भोंगा वाजला. टाळ्यांचा कडकडाट! मी मनात म्हटलं, मावशी, आज तरी गप्प बस.

कसली गप्प बसते! “थांबा,” ती म्हणाली. “पाणी अजून पोचलंच नाही. भोंगा कशाने वाजला?”

सहायकाने रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. मंत्र्यांना एकदम पुढचा कार्यक्रम आठवला. त्यांच्यामागून सभागृहही रिकामं झालं. मावशीने टाकी उपसायला लावली, केसातली पिन काढली आणि नळीचं तोंड खरवडून मोकळं केलं. पाणी परत चढवलं. भोंगा बरोबर रेघेवर वाजला, आपला आपण. तिची बोटं निळी झाली होती आणि इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

मला मात्र भयंकर राग आला होता. प्रमुखपद हातचं गेलं होतं. गाडीत बसल्या बसल्या मी तडकलो, “एक दिवस डोळेझाक केली असतीस तर काय बिघडलं असतं? नळी उद्या साफ केली असतीस!”

“कशी करणार? मला कुणी सांगितलंच नसतं. वाजतो म्हणून तसाच नेऊन बसवला असता.” ती बोटांवरचा रंग चोळत राहिली. “आणि पूर आला की तिथे पडद्याआड कोण बसणार होतं?”