चतुराबाईचं खाचर

मारुंजीत टोलेजंग इमारतींच्या मधोमध चतुराबाईचं भाताचं खाचर अजून तग धरून आहे. नवरा गेला तेव्हा भावकीनं सांगितलं, आता दिराला कसायला दे. तिनं दिलं नाही. बाई भारी हट्टी, आणि मला तिचा तो हट्टच आवडतो.

यंदा चाकणच्या एका मोटार कंपनीची माणसं गावात आली. म्हणाली, भातात सतत पाणी तुंबलं की चिखल आतल्या आत कुजतो, मिथेन वायू सुटतो, हवा तापते. मधूनमधून पाणी बाहेर सोडून द्या, जमीन सुकू द्या. पारावरची मंडळी फिदीफिदी हसली. चतुराबाई हसली नाही. बिघडलेल्या पावसानं गेल्या साली तिचं उभं पीक झोपवलं होतं.

खालचं खाचर दीर जयसिंगचं. वरचं पाणी सोडायचं तर आधी खालच्याला हाक द्यायची, ही इथली रीत. चतुराबाई नेमकी तीच विसरली. बांधाचं तोंड उघडलं आणि जयसिंगनं सकाळीच टाकलेला युरिया धुऊन गेला.

तो तणतणत आला. "वहिनी, याड लागलंय का? भात कुनी सुकवतं व्हय?"

"हाक दिली न्हाई, चुकलं माझं. माझ्यातला युरिया घ्या, भावजी. पन पानी मी सोडनारच."

"मग ऐका. भात मेला तर पुढल्या साली खाचर मी कसनार."

"खुशाल कसा! पन आदी मरू तर द्या."

चिखल सुकून केसाएवढ्या भेगा पडल्या तेव्हा मात्र तिचा जीव टांगणीला लागला. सांगितल्याप्रमाणे तिनं पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा सोडलं, दर वेळी खाली हाक देऊन. दिवाळीपर्यंत लोंब्या भरून वाकल्या. जयसिंग बांधावर येऊन एक लोंबी चोळून दाणे बघून गेला.

कापणीच्या दिवशी कंपनीचे साहेब फोटोवाला घेऊन हजर. त्यांच्या माणसांनी बांधावर पाटी रोवली: 'या शेतातील प्रदूषण आमच्या कंपनीने कमी केले.'

चतुराबाईनं ती मोठ्यानं वाचली. विळा कमरेला खोचला, पाटी उपटली आणि साहेबांच्या हातात दिली.

"अहो मावशी, सल्ला आमचाच होता ना?"

"व्हय, सल्ला तुमचा. खाचर माझं, आन् गेलं असतं तर तेबी माझंच. ही न्या, तुमच्या कारखान्याच्या गेटवर लावा. तिथला धूर कमी झाला की बोलवा मला, फोटूला मी येते."