भोंगा म्हणाला, घरीच बसा

त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याच्या जुन्या टेम्पोच्या टपावर दोन कर्णे बांधलेले असत आणि आत बसून तो गावभर सगळ्यांच्या बातम्या सांगत फिरे. हरवलेलं पोर, बंद राहणारं पाणी, मेलेला माणूस, सगळं त्याच्याच तोंडून लोकांना कळायचं. माइकवर दुमडलेला रुमाल बांधायचा, एक वाक्य बोलायचं, भिंतींवरून आवाज परत येऊन विरेपर्यंत थांबायचं आणि मगच दुसरं. ही त्याची पद्धत. त्यामुळे त्याचं बोलणं शब्द न शब्द कळे. आवाज असा दणदणीत, की ज्यानं त्याला पाहिलं नव्हतं त्याला वाटावं, हा गडी सहा फुटी पैलवान असणार. प्रत्यक्षात हाडांची काडं, आणि काळीज सशाचं. कुत्रं भुंकलं तरी हा काच वर करणार.

निवडणुकीत त्यानं सरकारातल्या पक्षाचा प्रचार केला. पोटापाण्याचं काम म्हणून केला, पण करता करता पटतही गेलं. रोज तेच तेच ओरडणाऱ्याला ते पटणारच. नदीकाठच्या वस्तीत मात्र सगळे विरोधी पक्षाचे. या गावात पक्षाचं नाव घ्यायची पद्धतच नाही; ‘आपले’ आणि ‘ते’ एवढ्यावर भागतं. वरच्या गावाचं ‘आपलं’ चॅनेल वेगळं, वस्तीचं वेगळं. एकाच घटनेच्या दोन बातम्या लागत आणि त्या कधी एकमेकींच्या ओळखीच्यासुद्धा वाटत नसत.

भोंग्याची थोरली बहीण त्या वस्तीत दिलेली होती. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. दाजी शिवणकाम करत आणि मशीनवर मान वाकवून दिवसभर ‘आपलं’ चॅनेल ऐकत.

गेल्या वर्षी एकदा नगरपालिकेनं भोंग्याला सांगितलं, वस्तीत डासांची फवारणी आहे, दुपारपर्यंत घरं सोडायला सांग. त्यानं सांगितलं. लोक बाहेर गेले. परत येऊन बघतात तो नदीकडच्या घरांच्या भिंतींवर लाल फुल्या! काठानं रस्ता काढायचा होता, त्याची मोजणी उरकून घेतली होती. भोंग्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी त्याच्या चॅनेलनं सांगितलं, की बदनामी करायला फुल्या वस्तीवाल्यांनीच मारल्यात. आणि या शहाण्यानं ते जसंच्या तसं दाजींच्या घरात बसून दाजींना ऐकवलं.

दाजींनी मशीन थांबवलं. “आम्ही आमच्याच भिंती रंगवल्या?”

“तसं दाखवलं ना त्यात...”

“ऊठ. पुन्हा या दारात दिसू नकोस.”

ताई दारात उभी होती. काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ भोंग्यानं आपला आपण लावला, की तीही आता ‘त्यांची’ झाली. तेव्हापासून वस्तीतून जाताना तो तिच्या गल्लीत कर्ण्याचा आवाज कमी करायचा.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ, वर लख्ख ऊन, ढगाचा मागमूस नाही. पाऊस झाला होता तो तिकडे वर, डोंगरात. नगरपालिकेच्या बाबूनं भोंग्याला बोलावून घेतलं. बाबू घामाघूम होऊन फोनवर बोलत होता; भोंगा दिसताच त्यानं फोन बाजूला धरला.

“धरण भरलंय. दरवाजे उघडलेत. संध्याकाळच्या आत पाणी वस्तीत शिरेल. जा, सगळ्यांना शाळेच्या टेकडीवर काढ.”

“साहेब, माझं ऐकतील का ते?”

“मग कोणाचं ऐकतील? पोलीस पाठवतोय मागून.”

पोलीस दिसले की वस्ती दारं लावून घेणार, हे त्याला न सांगता कळत होतं. तो टेम्पो घेऊन सुटला. उतारावर दोन बुलडोझर निघालेले दिसले. पुलाखाली अडकलेले ओंडके काढायला चालले होते ते. पण वस्तीतून ते कसे दिसत असतील हे त्याच्या लक्षात आलं. वस्तीत शिरताच तो माइकवर बोलू लागला.

“धरणातून पाणी सोडलं आहे. सर्वांनी ताबडतोब घरं सोडून शाळेच्या टेकडीवर जावं.”

वाक्य विरलं. एक बाई वाळत घातलेले कपडे झटकत हसली. “उन्हात पूर आला गं बाई!”

“फवारणी का पुन्हा?” कोणीतरी ओरडलं. “या वेळी घरंच फवारून टाकणार वाटतं!”

पोरांनी टेम्पोच्या मागं ‘फवारणी, फवारणी’ असा ठेका धरला. एका दुकानात फोन समोर धरून पाचसहा जण उभे होते. चॅनेलवाला बजावत होता, की पुराचा बागुलबुवा दाखवून वस्ती रिकामी करण्याचा हा डाव आहे, आणि पुराव्याला बुलडोझर उतरताना दाखवत होता. चित्र खरं होतं, आत्ताचंच होतं. भोंग्यानं आपला फोन काढून ‘आपलं’ चॅनेल लावलं. तिथं सांगत होते, धरण भक्कम आहे, फुटण्याच्या अफवा विरोधक पसरवतायत. फुटण्याबद्दल कोण बोलत होतं? पाणी सोडल्याचं दोन्हीकडे कुणी धड सांगतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या चॅनेलची भीती वाटली.

तो पुन्हा फिरला. ओरडून ओरडून घसा बसायला आला. “अहो, खरं सांगतोय, देवाशप्पथ खरं!” असलं काही माइकवर तो कधी बोलला नव्हता. त्यानं तर लोकांची खात्रीच पटली, की नक्की काहीतरी शिजतंय. दारं लागली. दाजींच्या गल्लीत तो गेला, पण तिथंही पडदा ओढलेला. वस्तीच्या टोकाला नदी दिसत होती. रंग बदलला होता तिचा, आणि काठावरची कपडे धुवायची दगडी पायरी दिसत नव्हती.

त्या लागलेल्या दारांकडे बघता बघता त्याच्या डोक्यात आलं. हे लोक आपण सांगू त्याच्या उलट करतात ना? मग उलटंच सांगू. आपण खोटं बोलायचं, बस्स. त्यानं माइक उचलला.

“काळजीचं काहीही कारण नाही. धरणातून पाणी सोडलेलं नाही.” थांबला. आवाज विरू दिला. “कुणीही घर सोडू नये. टेकडीवर जाण्यास मनाई आहे. सर्वांनी घरीच बसावं.”

मग एक दार उघडलं.

“मघाशी निघा, आता बसा? काय लपवतायत रे हे?”

“बुडवायचा बेत दिसतोय आपल्याला!”

“मनाई करणारे हे कोण? चला!”

आणि बघता बघता वस्ती उठली. भांड्यांचा खणखणाट, डोक्यावर गाद्या, कडेवर पोरं, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलेलं. भोंगा गल्ल्यागल्ल्यांतून ‘घरीच बसा, घरीच बसा’ ओरडत होता आणि लोक त्याला शिव्या घालत टेकडीची वाट चढत होते. इतक्या गोड शिव्या त्यानं उभ्या जन्मात खाल्ल्या नव्हत्या. त्याला हसू येत होतं आणि रडूही. दाजींच्या गल्लीत तर त्यानं कर्णे पूर्ण मोठे केले.

वस्ती ओस पडली तसा तो टेकडीवर गेला. शाळेच्या पटांगणात गर्दी मावत नव्हती. दाजी एका भिंतीशी म्हाताऱ्या आईला पाठीवरून उतरवत होते. धाप लागली होती त्यांना.

“ताई कुठंय?”

दाजींनी वर पाहिलं. “तू? तू विचारतोस?”

“दाजी, ताई कुठंय?”

“घरी. तूच सांगितलंस ना घरीच बसा!”

भोंग्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“पहिल्यांदा तू निघा म्हणालास, तेव्हा ती बोचकं बांधायला लागली होती. सगळ्या वस्तीत ती एकटी. मीच अडवलं. म्हटलं, तुझ्या भावाचं ऐकून मागे भिंती रंगवून घेतल्या. मग तू म्हणालास पाणी नाही, बसा. तर तिनं बोचकं सोडलं. मी हात धरून ओढलं तर म्हणाली, तो बाकीच्या जगाशी खोटं बोलेल, मला ऐकू जाईल असं खोटं बोलायचा नाही. तुम्ही आईंना पोचवा.” दाजींचा आवाज फाटला. “आता परत निघालोच होतो मी. अरे, पाणी खरंच येतंय का?”

भोंगा टेम्पोकडे धावला. टेम्पो उतारावरून कसा आणला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. वस्तीच्या तोंडाशी पाणी चाकांना लागलं, गढूळ, मुकाट, घाई नसलेलं. त्यानं माइक ओढला. रुमाल निसटला होता, कर्णे किंचाळले.

“ताई! मी खोटं बोललो! ताई, बाहेर ये, पाणी आलंय!”

थांबायचं त्याला सुचलं नाही. एकावर एक शब्द आदळत राहिले, भिंतींवरून परत येत राहिले, आणि रिकाम्या वस्तीत कुठलं वाक्य आधीचं नि कुठलं आत्ताचं हे त्याचं त्यालाच कळेना.

गाडी पुढं जाईना तसा तो उतरून धावला. घोट्यापर्यंत पाणी, मग पोटरीपर्यंत. तिच्या गल्लीला थोडा चढ होता, तिथं अजून कोरडं होतं. ताई दारातच उभी होती.

“चल,” तो म्हणाला.

“मघाशी म्हणालास, पाणी नाही.”

“ते खोटं होतं गं. लोक उलटं करतात म्हणून...”

“आणि त्याच्या आधीचं?”

“ते खरं होतं.”

“आणि आत्ताचं?”

“आत्ताचं खरं आहे. ताई, तुझी शपथ!”

लहानपणापासून तो घाबरला की ती त्याचा चेहरा बघून ओळखायची, विचारायचीसुद्धा नाही. आता तिनं त्याच्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि तरी ती जागची हलली नाही. मग त्याला बाजूला सारून ती गल्लीच्या टोकापर्यंत स्वतः चालत गेली. तिथं वळणावर पाणी दिसलं, तेव्हा ती निघाली.