खालूंचा पाला आणि खालूंचा पाय

ज्याचा पाला वाटून आमच्या खालूंनी जंतूंना पाजला नाही, असं झाड लोहारा तालुक्यात उरलेलं नाही. खालू म्हणजे माझ्या मावशीचे, म्हणजे खालाचे, नवरे. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. काचेच्या चपट्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध पाल्याच्या अर्काचा थेंब सोडायचा आणि भोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल पडला, की ईदचा चाँद दिसल्यासारखं घरभर सांगत सुटायचं. शेजारी तुलनेला दुसरी बशी, तिच्यात अर्काऐवजी नुसतं पाणी. तिला ते ‘कंट्रोल’ म्हणतात आणि कंट्रोलवाचून कशावरच विश्वास ठेवत नाहीत. खालानं नवा मसाला आणला, तर यांनी जुन्या मसाल्याचं दुसरं पातेलं चढवायला लावलं. “उद्या दुसरी बायको आणाल अन् मला म्हणाल, तू कंट्रोल,” खाला म्हणाली.

मी गावोगाव पत्रकं वाटते : जखमेवर पाला बांधून बसू नका, दवाखाना गाठा. सास्तूरच्या बाजारात मी घसा फोडून हे सांगत असताना खालू मागं उभे राहून दुरुस्त्या सुचवायचे. “पाला बेकार असं न्हाय लिहायचं, बेटा. बशीत मारतो, माणसात माहीत न्हाय, असं लिही.” असलं पत्रक वाचणार कोण? मी चिडायचे. पण माणूस सच्चा. शेजारीण पोराच्या गळवाला अर्क मागायला आली, तेव्हा बाटली कुलपात घालून दोघांना स्वतःच्या मोटारसायकलवर दवाखान्यात सोडून आले.

आणि हाच माणूस गेल्या आठवड्यात ढोकीकडं, जखमेवर लावतात तो दगडीपाला तोडायला, ऊस तुटलेल्या फडातून साध्या चपलेनं गेला. दोन्ही तळपायांत उसाचे खुंट घुसले. घरी येऊन यांनी उजव्या जखमेवर पाला वाटून बांधला, डावी नुसती धुऊन ठेवली. कंट्रोल! मला कळलं तेव्हा डावी भरत आली होती आणि उजवा पाय नडगीपर्यंत लाल, तट्ट फुगलेला. त्यात साखरेचा आजार, अंगात ताप. खाला दारात रडत होती आणि हे म्हणत होते, “अजून थोडं थांबू. निकाल अर्धवट राहील.”

“बशीला साखरेचा आजार नसतो, खालू,” मी म्हटलं. “अन् बशी नासली तर दुसरी घेता. पाय कुठनं आणायचा?”

ते बराच वेळ दोन्ही पाय न्याहाळत बसले. मग हळूच म्हणाले, “उजवी जखम पहिल्यापासनंच लई खोल होती. तुलनाच चुकली गं माझी. जीप बोलाव.”

आता ते धाराशिवच्या दवाखान्यात आहेत. लाली जिथवर चढलीय तिथं डॉक्टरांनी पेनानं रेघ मारलीय. ती ओलांडली, तर पाय वाचवणं अवघड, असं त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. खालूंना कुणी सांगितलेलं नाही; पण रेघ कशाला मारतात हे त्यांना न कळायला ते काय माझ्यासारखे पत्रकं वाटणारे आहेत? प्रयोगाची बशी आपल्याआधी दुसऱ्या कुणाला बघूही न देणारा हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडलाय. सकाळी म्हणाले, “रेघ तूच बघत जा, बेटा. अन् मला लगेच सांगू नको.”

मी चादर उचलते. खाला पायाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत असते.