चार ग्रंथ आणि दोन मडकी

कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. दप्तरावर धूळ साठते तसे ते आपोआप साठतात, आणि पेन्शन सुरू झाली की झटकायला वेळच वेळ मिळतो. परवा तळ्याकाठी कॉलेजातले दोघे तरुण खरा धर्म कोणता यावरून हमरीतुमरीवर आले होते. मला हसू आवरेना. अहो, खाडीकाठच्या एका दिवाणी कोर्टात मी बावीस वर्षं साक्षीदारांना शपथ घालायचं काम केलं. हा प्रश्न आमच्याकडे रोज अकरा वाजता उभा राहायचा आणि पाच वाजता तसाच घरी जायचा!

*

शपथेचे ग्रंथ एका सागवानी पेटीत असत. गीता, कुराण, बायबल आणि तोरा, प्रत्येक आपापल्या फडक्यात. पेटीची किल्ली एलोजी पट्टेवाल्याकडे. एलोजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, आमच्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणत त्यांच्यातला. बोलणं, जेवण, पागोटं सगळं आपल्यासारखंच, फक्त शनिवारी काडी इकडची तिकडे करणार नाही.

एकदा एका वकिलाच्या लक्षात आलं की त्याच्या धर्माचा ग्रंथ सगळ्यांत खाली आहे. त्याने हरकत घेतली. आमचे मुन्सफ रावसाहेब नवे होते, पुण्याकडे शिकलेले, फार न्यायी. त्यांनी क्रम उलटा करायला लावला. दुसऱ्या दिवशी दुसरा वकील उभा राहिला. शेवटी रावसाहेबांनी चार स्टुलं करवून घेतली, प्रत्येक ग्रंथाला एक.

सुताराने चूक केली. एक स्टूल दोन बोटं उंच झालं. त्यावर कोणता ग्रंथ ठेवायचा, हे ठरवायची कोणाची छाती होईना. अर्धा दिवस कामकाज बंद! अखेर एलोजी करवत घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, एकाचे पाय कापू की तिघांचे वाढवू?"

रावसाहेबांनी पुढची तारीख दिली. चारही ग्रंथ पेटीत गेले, या खेपेस उभे. उंच स्टुलावर पुढे मी नोकरीत असेपर्यंत एलोजी बसला.

*

वारांचीही तीच गत. शुक्रवारी दुपारी मुसलमान वकील नमाजाला जात. शनिवारी एलोजी नाही, म्हणजे किल्ली नाही. रविवारी खुद्द इंग्रज सरकारच चर्चमध्ये. सोमवारी रावसाहेबांचा कडक उपास, त्या दिवशी ते कोणावरही खेकसत. एकूण देवांनी न्यायासाठी मंगळ, बुध आणि गुरू एवढेच वार मोकळे सोडले होते.

रावसाहेब सोवळ्याचेही कडक. घरून चांदीचा तांब्या भरून यायचा, त्याखेरीज कोर्टात पाण्याचा थेंब घेत नसत.

*

कल्याण स्टेशनाजवळ दुकान असलेला एक पारशी एकदा साक्षीला आला. म्हणाला, "माझी शपथ आतशसमोर, अग्नीसमोर." रावसाहेबांनी समई लावायला सांगितली. साक्ष सुरू झाली, चांगली रंगली, आणि खाडीवरून वाऱ्याची झुळूक येऊन समई विझली.

झालं! विरुद्ध बाजूचा वकील ताडकन उठला. त्याचं म्हणणं, दिवा असेपर्यंतची साक्ष खरी, पुढची ग्राह्य धरू नये. रावसाहेबांनी मला विचारलं, दिवा नेमका कोणत्या वाक्याला विझला? मी लिहिण्यात गर्क होतो, मला काय ठाऊक? शेवटी साक्षीदाराचीच दया आली मला. बिचारा काडेपेटी हातात धरून म्हणाला, "साहेब, मी पाहिजे तर पहिल्यापासून परत खरा बोलते."

*

मग रावसाहेबांच्या डोक्यात आलं की कोणती शपथ खरोखर लागू पडते याचा एकदाचा छडा लावावा. मला एक रजिस्टर दिलं. धर्मागणिक एक रकाना, शपथ घेणाऱ्याचं नाव त्यात लिहायचं. निकालात साक्ष खोटी ठरली की त्या नावावर फुली मारायची.

वर्षभराने रजिस्टर पुढे ठेवलं. सगळे रकाने सारखेच काळे. रावसाहेबांचा चेहरा पडला. माझाही पडला, खोटं कशाला सांगू? आपला रकाना जरा तरी स्वच्छ निघेल अशी मला आशा होती.

"मग आपल्या कोर्टात खरं बोललं तरी कोण?" त्यांनी विचारलं.

खरं बोललेला एकच निघाला, एक म्हातारा नावाडी. त्याची साक्ष अक्षरन् अक्षर खरी ठरली होती. त्याचं नाव कोणत्याच रकान्यात नव्हतं, कारण त्या दिवशी गडबडीत मी त्याला शपथ घालायचीच विसरलो होतो.

*

आता बाळकुमच्या विहिरीचं सांगतो.

भागूबाई ही मिठागरावर राबणारी आगरी विधवा. तिचा शेजारी अंतोन, किरिस्ताव. दोघांच्या घरांमध्ये एक विहीर. चहूकडे खारं पाणी, गोडं काय ते त्या एका विहिरीत. जो हरेल त्याला मिठागराच्या बांधांवरून कोसभर चालत घागर आणावी लागणार. भागूबाईचे गुडघे गेले होते, अंतोनच्या घरात तान्हं मूल होतं. मनात म्हटलं, हा निकाल कोणाच्याही बाजूने लागो, आपल्याला जेवण जायचं नाही.

दोघांची साक्ष एकच. भागूबाई म्हणे, विहीर माझ्या सासऱ्याने खणली. अंतोन म्हणे, माझ्या बापाने. तिने आई एकवीरेची शपथ घेतली, त्याने गळ्यातल्या क्रुसाची. वहिवाटीचा पुरावा म्हणून दोघांनी विहिरीच्या पाण्याचं एकेक मडकं आणून टेबलावर ठेवलं होतं. मडकी एकाच कुंभाराची. ओळखू यावीत म्हणून एकावर कुंकवाचं बोट, दुसऱ्यावर खडूचा क्रूस.

कायद्यात एक सोय होती. एका पक्षाने म्हणायचं, समोरच्याने अमुक शपथेवर सांगितलं तर मला कबूल. मग तिथेच निकाल. रावसाहेबांनी अंतोनला विचारलं.  तो म्हणाला, भागूबाय तिच्या एकवीरेवर हात ठेवून परत सांगेल तर विहीर तिची.

झालं काम! म्हातारी जिंकली होती. आधी घेतलेलीच शपथ फक्त पुन्हा घ्यायची. देवीचा टाक मी तिच्यापुढे धरलासुद्धा.

तिने हात मागे घेतला.

"एकवीरा नको," ती म्हणाली. "ती माझी आयस हाय. पोरीचं खोटं आयस पोटात घालते. मना अंतोनच्या देवाची शपथ द्या. तो मना वलखत नाय, तो सोडाचा नाय."

 अंतोनने गळ्यातला क्रूस काढून तिच्या हातात दिला.  तिने क्रूस मुठीत धरला आणि म्हणाली, "विहीर माझ्या सासऱ्याने खणली." मी ते लिहून घेतलं. तिचं संपलं नव्हतं. "न माती वर याच्या बापानं वढली. दोघांनी मिलून खणली."

अंतोनने मान डोलावली. त्याचा बाप मरताना हेच सांगून गेला होता म्हणे, पण त्याला ते कोर्टात कोणी विचारलं नव्हतं.

रावसाहेबांनी विहीर दोघांची ठरवली. मी रजिस्टर उघडलं. साक्ष हिंदू बाईची, शपथ किरिस्ताव देवाची, आणि साक्ष खरी. कोणत्या रकान्यात लिहू, असं मी विचारलं.  रावसाहेबांनी कपाळाचा घाम पुसून तांब्या उचलला. तो रिकामा होता.

"एलोजी, पाणी," ते म्हणाले.

टेबलावरच्या दोन मडक्यांखेरीज तिथे पाणी नव्हतं. एलोजीने सकाळीच ती मडकी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली होती. कुंकूही नव्हतं, खडूही नव्हता. त्याने तांब्या भरून पुढे केला. रावसाहेब सगळ्यांदेखत तो वरून घटाघटा प्यायले.

मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कोणत्या मडक्यातलं होतं रे? खरं सांग."

"खरं हवं असेल तर शपथ घालू नका, साहेब," एलोजी म्हणाला.

रावसाहेबांनी तांब्या पुन्हा पुढे केला.