अण्णाच्या मोटारीची काच

थोरला भाऊ, आमचा अण्णा, गेला. त्याची जुनी मोटार नीट करायची म्हणून मी गॅरेजला नेली. रंग द्यायच्या आधी समोरची काच अख्खीच काढायला पाहिजे होती, कारण तसली आता कुठं मिळत न्हाई.

भोवतीचं रबर कापून मिस्त्री म्हणाला, "अप्पा, आत बसून दोन्ही पायांनी ढकला. जोर सारखा बसतो."

"अण्णा दसऱ्याला हिला कुंकू लावायचा. पाय कामून लावू?"

"काच हाय अप्पा, देव न्हाई. फुटली तर मला बोलू नका."

मी हातांनीच रेटली. काच निघाली, पण कोपऱ्यापासून वरपर्यंत तडा गेला. मी धोतराच्या सोग्यानं ती पुसली आन् मिस्त्रीला सांगितलं, "हीच परत बसव."