तिरपी लाल रेघ

आत्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात एकतीस वर्षं होती. हजेरीपटावर ‘मशीन ऑपरेटर’. प्रत्यक्षात कोणत्या वस्तीला कधी पाणी सोडायचं, हे ठरवणारा पहिला प्रोग्राम तिने लिहिला, तोही भोकं पाडलेल्या हजारभर कार्डांवर. एका कार्डावर एक ओळ. खाली सही मात्र साहेबांची. आयत्या बिळावर नागोबा! आत्या म्हणते, “नागोबाला निदान फणा तरी असतो.”

संगणक विभागाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा संस्थापकांच्या नावाचा फलक लागणार होता. मीही तिथेच नोकरीला, म्हणून मजकूर तपासायला माझ्याकडे आला. तीन नावं, तिन्ही पुरुषांची, त्यात साहेबांचंही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्यवस्थापक म्हणाले, “पुरावा द्या, नाव घालतो.”

“जाऊ दे गं,” आत्या म्हणाली. “लोकांना पाणी मिळालं ना?” पण म्हणताना तिने तोंड फिरवलं.

मी तिला कार्यालयात ओढूनच नेलं. काचेच्या कपाटात मांडायला जुन्या कार्डांचा खोका आणला होता. व्यवस्थापकांनी तो उचलला आणि तळ सुटला. सगळी कार्डं फरशीवर.

“साहेब, तुमचाच प्रोग्राम. तुम्हीच क्रम लावा,” कुणीतरी म्हणालं. या तयारीसाठी बोलावलेले म्हातारे साहेब एक कार्ड हातात घेऊन उलटसुलट करत राहिले.

आत्या सरळ फरशीवर बसली. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिने त्या काळीच लाल पेन्सिलीने तिरपी रेघ ओढून ठेवली होती; प्रत्येक कार्डावर तिचा ठिपका थोडा पुढे सरकलेला. रेघ जुळली की क्रम लागला. शेवटची कार्डं दमट होऊन त्यांच्यावरची रेघ पुसली गेली होती. मग ती कार्डं उजेडाला धरून तिने भोकंच वाचली. “हे टाकीची पातळी विचारतं. हे झडप बंद करतं.” दीड तासात गठ्ठा उभा राहिला.

साहेब हळूच म्हणाले, “बाई, मला हे कधीच वाचता आलं नाही.” मग व्यवस्थापकांकडे वळले. “माझं नाव काढा, यांचं घाला.”

“काढू नका,” आत्या म्हणाली. “खाली जागा आहे. फक्त ऑपरेटर लिहू नका.”

फलक लागला त्या दिवशी तिने चष्मा लावून आपली ओळ दोनदा वाचली, शेवटच्या ‘प्रोग्रामर’ या शब्दापर्यंत बोट फिरवत.

“एकही चूक नाही,” ती म्हणाली, आणि माझा हात धरून रडायला लागली.